भिडेखातर घेतलेल्या जबाबदाऱ्या, जामीनकी आणि सचिवपद : रोजच्या माणसांना नकार कसा द्यावा?

प्रश्न : गणिताच्या बाई (सातारा)

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा आणि घर यांच्या जोडीला, ‘तुम्हीच करा, तुमच्याइतके नीट कोणी करत नाही’ असे म्हणत लोकांनी सोपवलेल्या जबाबदाऱ्या गेल्या काही वर्षांत इतक्या वाढल्या आहेत की त्यांतील एकही मनासारखी पार पडत नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी मानद सचिव आहे, गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे, आणि शाळेत शिष्यवृत्तीचे जादा तास, स्नेहसंमेलन व पोषण आहाराच्या नोंदी माझ्याकडे आहेत. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा व्यायाम संध्याकाळी मी करून घ्यावा असे ठरले होते. मात्र मी घरी पोहोचते तेव्हा कोणी पार्किंगची, तर कोणी गच्चीतल्या गळतीची तक्रार घेऊन दारात थांबलेले असते आणि व्यायामाची वेळ टळून जाते. त्या काही बोलत नाहीत, आणि तेच मला अधिक लागते.

आता दोन गोष्टींवर लगेच उत्तर द्यायचे आहे. आमच्या सेवकांच्या सहकारी पतसंस्थेतून घरदुरुस्तीसाठी कर्ज काढणाऱ्या एका सहशिक्षकांनी मला जामीन राहण्यास सांगितले आहे. माणूस सज्जन आहे. माझे वडील रुग्णालयात होते तेव्हा रोजचा डबा त्यांच्या घरून येत असे. दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी आधीच जामीन आहे. ‘घरी विचारून सांगते’ असे मी त्यांना म्हटले, आणि त्यांनी तो होकारच धरला आहे असे त्यांच्या बोलण्यावरून दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेच्या समितीची पाच वर्षांची मुदत संपत आली असून पुढची निवडणूक बिनविरोध करायची आणि सचिवपदी पुन्हा मलाच बसवायचे, असे सभासदांनी परस्पर ठरवले आहे.

कामचुकार म्हणवून घेण्याची माझी इच्छा नाही, आणि कोणाला तोडून टाकावे असेही मला वाटत नाही. ज्यांचे तोंड उद्या शिक्षकखोलीत किंवा जिन्यात पुन्हा पाहायचे आहे, त्यांना नकार द्यायचा तो कोणत्या शब्दांत आणि केव्हा द्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : निवृत्त लेखापरीक्षक (सहकार)

बाई, तुमच्या दोन प्रश्नांपैकी जामीनकीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण सचिवपद सोडता येते, पण जामीनकी एकदा सही केल्यावर आपल्या इच्छेने सोडता येत नाही. पतसंस्थांची दप्तरे तपासण्यात माझी नोकरी गेली. जामीनदारांपैकी फारच थोड्यांनी, आपण कशावर सही करत आहोत हे वाचलेले असते. अर्जाच्या शेवटच्या पानावर फुलीची खूण केलेली असते, मधल्या सुटीत कोणी तरी पेन पुढे करतो आणि चहा संपण्याआधी सही होते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, नाही जमले तर माझ्याकडे या’ असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या जुन्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेऊ शकते, त्या दाखल्यात जामीनदारांची नावेही येतात, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पगारदारांच्या संस्थांमध्ये याहून सोपा मार्ग असतो. कलम ४९ प्रमाणे सभासदाने करारनामा करून दिलेला असला की मागणी यादी थेट पगार काढणाऱ्या कार्यालयाकडे जाते आणि कपात होऊनच पगार हाती पडतो. कर्जदार निलंबित झाला, नोकरी सोडून गेला किंवा त्याच्या पगारातून इतर कपातीच इतक्या होऊ लागल्या की काही शिल्लक राहीना, म्हणजे पुढच्या महिन्यात जामीनदाराच्या पगारपत्रकात एक नवा रकाना भरलेला दिसतो. ज्यांच्या घरी हे घडले त्यांच्यापैकी बहुतेकांना ते पगार झाल्यावरच कळले.

जामीनदाराला भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क करार कायद्याचे कलम १४५ देते, हे खरे आहे. पण ज्याच्याकडे संस्थेला द्यायला पैसे नाहीत, त्याच्याकडे तुम्हाला द्यायला ते कोठून येणार? शिवाय तुम्ही जामीन राहिलेले कर्ज तुमच्या पतअहवालातही दिसते, त्यामुळे उद्या तुम्हाला मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे झाले तर बँक ते विचारात घेऊ शकते. भीड ही भिकेची बहीण असे जुने लोक म्हणत, आणि जामीनकीच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरलेले मी पाहिले आहे.

म्हणून माझा सल्ला असा की उद्याच, आणि शक्यतो दोघेच असताना, त्यांना सांगा : ‘सर, मी आधीच एका कर्जाला जामीन आहे. त्यापुढे दुसऱ्या कोणाच्याही कर्जाला जामीन राहायचे नाही, असे मी ठरवले आहे. तुमची खोळंबणी होऊ नये म्हणून आजच सांगते.’ यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि त्यात त्यांच्या सचोटीबद्दल अवाक्षर नाही. नवऱ्याने नाही म्हटले, सासऱ्यांना पसंत नाही, अशी कारणे पुढे करू नका. दुसऱ्याच्या नावावर दिलेला नकार लोक त्या दुसऱ्याला भेटून मोडून काढतात, आणि मग तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांची गैरसोय प्रत्येक दिवसाने वाढते. संस्थेच्या कर्जमंजुरीच्या सभेआधी त्यांना दुसरा जामीनदार शोधायला वेळ मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

डब्याचे ऋण तुमच्या मनात आहे, ते असावे. त्याची परतफेड मात्र दुसऱ्या मार्गाने करता येईल. त्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल, तर घरदुरुस्तीसाठी त्यातून अग्रिम मिळतो का हे त्यांनी आधी पाहावे. तो अर्ज भरायला तुम्ही मदत करू शकता. परत आली नाही तरी मनात अढी राहणार नाही एवढी रक्कम हातउसनी द्यावीशी वाटली तर तीही द्या. मदतीला मर्यादा असली की मदत करणारा आणि घेणारा दोघेही मोकळेपणाने एकमेकांकडे पाहू शकतात.

प्रतिसाद : मानसशास्त्राची प्राध्यापिका (पुणे)

ताई, वरच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. आपण इतके होकार का देतो याविषयी झालेल्या संशोधनातल्या काही गोष्टी मला सांगाव्याशा वाटतात, कारण दोष केवळ आपल्या स्वभावाचा आहे असे मानून अनेक जणी विनाकारण स्वतःला कमी लेखतात.

फ्लिन आणि लेक या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायला सांगितले होते. ठरावीक संख्या गाठायला किती जणांना विचारावे लागेल, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. म्हणजे विचारणाऱ्याला वाटत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांनी होकार दिला. समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणे किती अवघड जाते, याची कल्पना विचारणाऱ्याला नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ फार दिलासा देणारा आहे : विचारायला आलेला माणूस नकाराची तयारी आपण समजतो त्याहून अधिक ठेवून आलेला असतो. आपल्याला जो प्रलय वाटतो, तो त्याच्या हिशेबात आधीच धरलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेच्या अंदाजाची आहे. झॉबरमन आणि लिंच यांनी २००५ मध्ये दाखवले की पैशांच्या बाबतीत पुढच्या महिन्यातही ओढाताण असणार हे आपल्याला कळते, पण वेळेच्या बाबतीत मात्र आज नसलेली सवड पुढे नक्की मिळेल असे आपण धरून चालतो. आणि हाती घेतलेले काम किती वेळ खाईल हेही आपल्याला सांगता येत नाही. ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. त्यामुळे स्नेहसंमेलन जानेवारीत आहे म्हणून जुलैमध्ये दिलेला होकार हा सर्वांत धोक्याचा होकार असतो. मी स्वतःसाठी एक कसोटी लावते आणि विद्यार्थिनींनाही तीच सांगते : हेच काम येत्या मंगळवारी करायचे असते तर मी हो म्हटले असते का? उत्तर नाही असेल तर सहा महिन्यांनंतरच्या मंगळवारीही ते नाहीच असणार आहे.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा उपयोग करून पाहा. बहुतेक घरांत तिच्यावर दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि मुलांच्या परीक्षा लिहिलेल्या असतात, पण आजारी माणसाच्या व्यायामाचे पाऊण तास कोणी लिहीत नाही, कारण ते ‘आपलेच’ काम असते. ते लिहा. सासूबाईंचा व्यायाम रोजच्या चौकोनात लिहिलेला असेल तर दारात आलेल्या माणसाला ‘सव्वासात ते आठ मी बांधलेली आहे, आठनंतर या’ असे सांगताना आवाज चाचरत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा २०१७ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. बढतीसाठी काही उपयोग नसलेले, पण कोणी तरी करायलाच हवे असे काम असते तेव्हा मिश्र गटात ते स्वीकारायला स्त्रिया अधिक वेळा पुढे होतात, आणि विचारणाराही, मग तो पुरुष असो वा स्त्री, आधी स्त्रीलाच विचारतो, असे त्यात आढळले. गटात फक्त पुरुष असले की तेच पुरुष ते काम निमूटपणे करतात. तेव्हा पोषण आहाराच्या नोंदी आणि स्नेहसंमेलन ही दोन्ही कामे एकाच शिक्षिकेकडे का, हा प्रश्न तुमच्या भिडेपुरता नाही, तो मुख्याध्यापकांच्या कामवाटपाचा आहे. शिक्षकसभेत सर्व कामांची आणि ती करणाऱ्यांची यादी फळ्यावर लिहावी अशी मागणी करा. यादी डोळ्यांसमोर आली की फारसे बोलावे लागत नाही.

प्रतिसाद : गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष (ठाणे)

प्राध्यापिकाबाईंचे म्हणणे पटते, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. कोणी काही मागितले की ते ओझेच, असे धरून चाललो तर वाचनालये बंद पडतील आणि गृहनिर्माण संस्थांवर प्रशासक बसतील. महाराष्ट्रात गल्लोगल्ली जी संस्थात्मक कामे उभी राहिली, ती पदरमोड करून, नोकरी सांभाळून हो म्हणणाऱ्या माणसांमुळेच. त्यामुळे ताईंनी सगळेच सोडावे असे मी म्हणणार नाही. एखादे काम, ज्यात त्यांचा जीव रमतो, ते मनापासून ठेवावे आणि बाकीच्यांतून रीतसर बाहेर पडावे. एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था झाली की संस्थेचेही नुकसान होते, कारण अर्धवट लक्ष देणारा सचिव असताना पूर्ण लक्ष देणारा माणूस पुढे येत नाही.

सचिवपदाबद्दल सांगायचे तर तुमची स्थिती तुम्ही समजता त्यापेक्षा चांगली आहे. मुदत संपतच आली आहे, त्यामुळे राजीनामा देण्याची गरज नाही. सभासदांनी काहीही ठरवले असले तरी नामनिर्देशनपत्रावर उमेदवाराची सही लागते, आणि ती तुम्ही केली नाही तर तुम्हाला कोणी बिनविरोध निवडून देऊ शकत नाही. मात्र हे शेवटच्या दिवशी सांगू नका. समितीच्या पुढच्याच सभेत लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा. ‘बाई ऐनवेळी तयार होतीलच’ असे जोवर लोकांना वाटते, तोवर दुसरे नाव सुचवण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्याकडे आधीच्या सचिवांनी जाणार हे लेखी कळवले, तेव्हा आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने विचारणा केली. तोपर्यंत त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मधल्या काळात दप्तर तयार ठेवा. ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही, ‘जे’ नमुन्यातील सभासदांची यादी, इतिवृत्ताची पुस्तके, नामनिर्देशनांची (नॉमिनींची) नोंदवही, लेखापरीक्षण अहवाल आणि त्यासोबतचा ‘ओ’ नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल, बँकेची पासबुके, उद्वाहनाच्या देखभालीचा करार, या सगळ्याची दोन प्रतींत यादी करा आणि नव्या सचिवांकडून एका प्रतीवर पोच घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तेव्हा तिची सूचना आणि हिशेब कोण तयार करणार हेही आत्ताच ठरवून घ्या, नाहीतर पद गेल्यावरही तुमच्याच घरी फाइल येत राहील. मुदतीच्या मध्येच पद सोडायचे असते तरी बहुतेक संस्थांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे, काम अद्ययावत आहे आणि कागदपत्रे सुपूर्द झाली आहेत याची खात्री करूनच समिती राजीनामा स्वीकारते. म्हणजे मोकळे होण्याचा रस्ता तसाही दप्तरातूनच जातो.

शाळेबाबत एक माहिती देतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे सोडून अन्य अशैक्षणिक कामांना जुंपता येत नाही. तो कायदा पहिली ते आठवीपुरता आहे, त्यामुळे तुमच्या वर्गांना तो कितपत लागू होतो ते पाहावे लागेल. निवडणुकीच्या आदेशाला नकार देता येत नाही, पण कोणा पुढाऱ्याच्या सत्काराला मुले घेऊन जाण्याची ‘विनंती’ आली तर ती नाकारताना या कलमाचा आधार जरूर घ्या.

प्रश्नकर्त्या : गणिताच्या बाई (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. लेखापरीक्षक काकांनी सुचवलेले शब्द जवळपास तसेच्या तसे मी सरांना सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बरे झाले आजच सांगितलेत, शनिवारी सभा आहे.’ त्यांचे भविष्य निर्वाह निधीचे खाते आहे आणि त्यातून अग्रिमासाठी अर्ज करता येईल हे त्यांना सुचलेच नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी लिपिकांकडून नमुना मागवला. कर्जाची रक्कम त्यामुळे बरीच कमी होईल असे ते म्हणाले. डबे पाठवणाऱ्या वहिनींना मी स्वतः भेटून आले, कारण हे त्यांच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जावे असे मला वाटत नव्हते.

सचिवपदासाठी उभी राहणार नसल्याचे पत्र अध्यक्षांना दिले आहे. ‘तुम्ही नाही तर संस्था कशी चालणार’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकावे लागले, पण पत्राची पोच हातात असल्याने मी त्यावर वाद घातला नाही. वाचनालय मात्र सोडणार नाही. तिथली मुलांची पुस्तके निवडण्याचे काम मला मनापासून आवडते, आणि अध्यक्ष महोदयांनी वर लिहिले तसे एक काम ठेवायचे तर मी तेच ठेवीन.

काकांना एकच विचारायचे आहे. ज्या पहिल्या कर्जाला मी जामीन आहे, त्या जामीनकीतून आता बाहेर पडता येईल का?

प्रतिसाद : निवृत्त लेखापरीक्षक (सहकार)

वहिनींना स्वतः भेटून आलात हे फार चांगले केलेत.

जुन्या जामीनकीबद्दल : करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू हमी, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेली हमी, पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, पण एकदाच उचललेल्या मुदत कर्जाची रक्कम आधीच दिली गेलेली असल्याने त्या तरतुदीचा तुम्हाला उपयोग होणार नाही. तुमच्यापुढे व्यवहार्य मार्ग एकच आहे. कर्जदाराने तुमच्याऐवजी दुसरा जामीनदार द्यावा, तसा अर्ज कर्जदार, तुम्ही आणि नवा जामीनदार अशा तिघांच्या सह्यांनी संस्थेला द्यावा, आणि संचालक मंडळाने ठराव करून तुम्हाला मुक्त केल्याचे पत्र संस्थेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर थांबू नका, कारण ठराव होईपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते.

कर्ज निम्म्याहून अधिक फिटले असेल तर हा खटाटोप न करताही चालेल. त्याऐवजी दर वर्षी मार्चअखेर त्या कर्जखात्याचा उतारा संस्थेकडे लेखी मागा, आणि कर्जाचे हप्ते किंवा मुदत बदलून देण्यात आली आहे का हेही त्यातच विचारा. जामीनदाराच्या संमतीवाचून करारात बदल झाला तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरती त्याची जबाबदारी संपते असे कलम १३३ सांगते, पण संस्थांच्या छापील जामीनपत्रात हा हक्क सोडून दिल्याची ओळ अनेकदा असते. तुमच्या जामीनपत्राची प्रत संस्थेकडून मागवून ती ओळ आहे का ते पाहा, आणि इथे कळवा. मग पुढे काय करायचे ते सांगतो.